सातव्या पॉइंटची चूक

मी तोफखान्याच्या सर्व्हेमधला निवृत्त हवालदार. कुवेतमध्ये वफ्राच्या शेतांचा उंचसखलपणाचा नकाशा करायचं काम मिळालं, तेव्हा सलीम पारकर आमचा पार्टी चीफ होता. रत्नागिरीचा सलीम माझ्याच युनिटमध्ये लान्स नाईक होता. जमिनीची उंची मोजणारं लेव्हल मशीन लावायला त्याला मीच शिकवलं. इथे मशीनला डोळा त्याचा, आणि समोर स्टाफ, म्हणजे एकात एक सरकणारी उंच मोजपट्टी, धरून उभा मी. तो अजून मला ‘उस्ताद’ म्हणायचा. त्याचाही राग यायचा.

०४३० ला मंगफच्या कॅम्पहून निघायचं. जमीन ताटासारखी सपाट, पाण्याला उतार बोटभरच. सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन आकडा जुळला, की लूप क्लोज. एका आठवड्यात बेचाळीस मिलिमीटर फरक आला. कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, "उद्या क्लोज करा. नाहीतर चीफ बदलतो."

चूक मला ठाऊक होती. सातव्या पॉइंटवर स्टाफचा खटका बसला नव्हता, वरचा भाग घसरला होता. मी बोललो नाही. खरं सांगतो, पोटात दुखत होतं. चीफची जागा मला हवी होती.

दुसऱ्या दिवशी कणकण वाटतेय म्हणून मी गाडीत बसलो. स्टाफ ड्रायव्हरने धरला. उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम बंद, हा इथला कायदा. १०५० ला वॉकीटॉकीवर इंजिनिअर बोलले, "पारकर, पॅक अप."

"सर, थोडंच रवलंय."

सर्व्हेची छत्री मशीनवर धरतात, माणूस उन्हात. हेही त्याला मीच शिकवलेलं.

११२० ला सलीमचा आवाज आला. "लूप क्लोज, सर. सातव्या पॉइंटला स्टाफ घसरला होता. ओव्हर."

"चूक कोणाची?"

"माझी, सर. स्टाफ चेक करणं चीफचं काम."

सेट माझ्या हातात होता. मी बटण दाबलं नाही.

दोन मिनिटांत ड्रायव्हर ओरडला, "सलीमभाई गिर गया!" मी धावलो. अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही. हॉस्पिटलमध्ये १६१० ला तो गेला.

चीफची जागा मला मिळाली. तीन आठवड्यांनी इंजिनिअरना सगळं सांगितलं आणि ती सोडली. नकाशावर सलीमचं नाव घाला, हेही मीच म्हणालो. तरी छापलेलं नाव पाहिलं तेव्हा आधी हेवाच वाटला. लाज मागाहून आली.

लान्स नाईक सलीम पारकर माझ्याहून चांगला सर्व्हेअर होता. तो जिवंत असताना हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.