ओट्यावरचे यजमान

डॉ. शालिनीताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहावे, हे रीतसर. मी मात्र रुग्णाची मुलगी म्हणून लिहिते आहे. त्यांची माझी ओळख झाली ती अण्णांमुळे, माझ्या वडिलांमुळे.

आमचे घर पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांचे. गावोगावचे यजमान विधींसाठी येतात, ओट्यावर टेकतात, पाणी मागतात. त्यामुळे अण्णा वेळी-अवेळी "मंडळी आलीत, पाणी द्या" म्हणू लागले, तेव्हा कुणालाच वावगे वाटले नाही. आई तांब्या घेऊन बाहेर जायची आणि ओटा रिकामा दिसला की "गेले वाटतं" म्हणत परतायची. पुढे मंडळी थेट आत येऊन कपाटाशेजारी बसू लागली, तेव्हा आमचे धाबे दणाणले. कुणी बाहेरची बाधा म्हणाले, कुणी वेड. एका ठिकाणी भास थांबवणारे औषध मिळाले, त्याने अण्णा लाकडासारखे ताठरले. घास गिळवेना.

तशा अवस्थेत आम्ही शालिनीताईंकडे गेलो. मी हकीकत सांगू लागताच त्या डाफरल्या, "गुरुजी समोर बसलेत ना? आधी त्यांना बोलू द्या." ताई रागीट आहेत, हे गौरवग्रंथातही लपवू नये.

अण्णा हळूच म्हणाले, "डॉक्टरबाई, मी वेडा झालोय का?" हे त्यांनी घरात कुणाला विचारले नव्हते.

ताईंनी उगाच धीर दिला नाही. अण्णांना चालवून पाहिले, कागदावर घड्याळ काढायला लावले. कधी लख्ख, कधी हरवलेले असे होते का, ते विचारले; तसे होतच होते. झोपेचा विषय निघताच आई फिसकन हसली. "झोपेत कुणाशी भांडतात कोण जाणे! लाथा चुकवायला मी केव्हाच वेगळं अंथरूण घातलंय."

"आई, हेच मला हवं होतं," ताई म्हणाल्या. भास, झोपेतली झटापट, मंदावलेली चाल, हा चढउतार, सगळे एकाच आजाराकडे बोट दाखवत होते: लेवी बॉडी डिमेन्शिया, स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. आधीचे औषध अशा रुग्णांना सोसत नाही, म्हणून त्यांनी ते बंद केले. मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही वेडे नाही. मेंदूच्या आजारामुळे माणसं दिसतात. आजार जाणार नाही, पण आपण त्याला सांभाळू."

आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही. ताई रिक्षाने घरी आल्या, अंधारात माणसांसारखी भासणारी खुंटीवरची धोतरे काढायला लावली, कोपऱ्यात दिवा बसवून घेतला. निम्मी मंडळी त्यानेच पांगली. आता रुग्णांच्या घरच्यांसाठी त्या बैठक घेतात. अंबडच्या कारखान्यांतले कामगार, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले निवृत्त कर्मचारी येतात. चहाचे मी बघते आणि ताईंची बोलणी खाते.

मी हा लेख लिहीत असताना अण्णांनी विचारले, "काय चाललंय?" मी सांगितले. ते सावरून बसले. "माझा आशीर्वाद लिहून घे. शंभर वर्षं निरोगी जगा, म्हणावं. आणि हे मी शुद्धीवर असताना म्हणालो, तेही लिही."