कुत्र्याची खोड

माझ्या मेहुण्याने मला फसवले. तेही माझ्याच धंद्यातल्या युक्तीने, म्हणून जास्त झोंबते.

मी नेवाशात म्हशींचा व्यापार करतो. पायात चप्पल नव्हती तेव्हा सुरू केला, आज दारात स्वतःचा टेम्पो आहे. जनावर घ्यायचे तर आधी त्याची खोड काढायची, हा बाजारातला पहिला धडा. लाथ मारते, पान्हा चोरते, काहीतरी बोलायचेच. मालकाचे मन उतरले की दावे आपल्या हातात.

आमच्या घरी तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा एक कुत्रा आहे. गेल्या उन्हाळ्यात तो बुड घासायला लागला. मागचे पाय वर धरायचे, बुड फरशीला टेकवायचे आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत जायचे. पोरे हसायची. बायको हसत नव्हती.

"देवापुढची फरशी आत्ता पुसली न् आला हा घासत! अहो, कुणाला तरी देऊन टाका त्याला."

जंत झाले असतील म्हणून गोळी दिली. आमच्याकडे सगळे तेच सांगतात. फरक पडला नाही.

तेवढ्यात पुणतांब्याहून मेहुणा आला. त्याची पेरूची बाग आहे. घासणाऱ्या कुत्र्याकडे बघून त्याने मान हलवली.

"दाजी, ही खोड हाय. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई. घरात ठिवायचं जनावर न्हाई हे."

"मग काय करू?"

"द्या माझ्याकडं. पडून राहील बागंत. तुमच्यासाठी म्हणतोय, मला काय कुत्र्यांची कमी हाय व्हय?"

आणि मला ते पटले! रविवारी न्यायला येतो म्हणून तो गेला. बायकोने लगेच फरशी पुसायला घेतली.

रविवार उजाडायच्या आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाई एक म्हैस बघायला आल्या. कुत्रा त्यांच्यासमोरूनच घासत गेला.

"किती दिवस चाललंय हे?"

"खोड आहे त्याला."

"खोड कसली? दुखतंय त्याला. धरा बरं."

शेपटीखाली आत दोन बारीक पिशव्या असतात, त्या तुंबल्या की कुत्रे बुड घासते, असे त्यांनी सांगितले. हातमोजा घालून त्यांनी पिशव्या दाबल्या. कुजलेल्या सुकटीसारखा वास अंगणभर पसरला. त्याला काय खायला घालता, असे त्यांनी विचारले. दूध-चपाती, मी म्हणालो. शी सतत पातळ असली की या पिशव्या आपोआप दाबल्या जात नाहीत, म्हणून खाणे बदला, असे त्या म्हणाल्या. कधी जंतानेही घासतात, पण याचे कारण हेच होते.

कुत्र्याने अंग झाडले, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि सावलीत आडवा झाला.

बायकोने कौतुकाने भावजयीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"व्हय वन्सं, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं बी असंच हुतं की. ह्यांनीच न्हेलं डॉक्टरकडं. पिळून काढलं न् दुसऱ्या दिशी ठणठणीत! आता ते ग्येलं, म्हणून तर बागंला नवं कुत्रं बघत्यात."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी जे बोललो ते भावजयीनेही ऐकले असणार. ऐकू दे.

आता घर शांत आहे. कुत्रा भाकरी आणि उकडलेला भोपळा खातो, दुपारी गार फरशीवर पसरतो, आणि बायको त्याला ओलांडून देवाला जाते. मेहुणा त्या रविवारी आला नाही. बागेत काम निघाले म्हणे.

कुत्रा हवा होता तर तोंड उघडून मागायचा होता. नाही म्हणालो असतो, तो भाग वेगळा. पण मुके जनावर तुझ्या डोळ्यांसमोर कळवळत होते, आणि उपाय तुला ठाऊक होता. तू गप्प का बसलास? भाऊबीजेला पाटावर बसण्याआधी तुझ्या बहिणीसमोर याचे उत्तर दे.