पाचवा फाऊल

मे महिन्यात सव्वासातच्या एसटीने भोरहून वेल्ह्याला निघालं की कापूरव्होळ यायच्या आत माझं डोकं दुखायला लागतं. ऊन नंतर येतं. आधी सुरू होतात माझे दोन शेजारी. अमेरिकेत रात्री चाललेली बास्केटबॉलची मॅच आपल्याकडे सकाळी दिसते, आणि तिकडच्या मोठ्या लीगची बाद फेरी गेली काही वर्षं आमच्या गाडीच्या तिसऱ्या बाकावर, एका मोबाईलवर खेळली जाते. मोबाईल बँकवाल्यांचा. त्यांच्या शेजारी पाटबंधारे खात्यातले साहेब, आणि खिडकीशी मी, तहसील कचेरीतला कारकून, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला. तालुक्याचं नाव बदललं, पण आम्ही अप-डाऊन करणारे अजून वेल्हेच म्हणतो. इतक्या वर्षांची सवय आता कोण बदलणार.

बँकवाल्यांचा जीव चाळिशीला टेकलेल्या एका जुन्या खेळाडूवर. पाटबंधारेवाल्यांचा एका विशीतल्या उंच पोरावर, ज्याला ते 'आपला लंबू' म्हणतात, जणू तो नसरापूरचा आहे. या वर्षी दोघांचे संघ समोरासमोर आले आणि आमचे हाल सुरू झाले. सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. म्हणजे भांडण सात दिवस पुरणार, आणि तेही सलग नाही, दिवसाआड.

"याला नुसता वारा लागला तरी शिट्टी वाजते," पाटबंधारेवाले म्हणायचे. "पंचांनी म्हाताऱ्याला पेन्शन चालू केलीय."

"काल चाळीस मिनिटं पळालाय तो. तुमचा लंबू दोन फेऱ्या मारून टॉवेल घेऊन बसतो."

"चेंडू न आपटता चार पावलं टाकली हो त्याने! चार! लग्नात सप्तपदीला पण एवढी मोजून टाकत नाहीत!"

मग दोघेही माझ्याकडे वळायचे, कारण मी एके काळी पंधरा वर्षं तालुक्याच्या शालेय स्पर्धांत पंच होतो. कॉलेजात बऱ्यापैकी खेळायचो, पंचाची परीक्षा दिली होती, आणि फुकट उन्हात उभा राहणारा दुसरा कोणी मिळत नव्हता. "पंच, बोला," ते म्हणायचे. माझा निकाल ठरलेला होता. पंचाचं बरोबर. चित्र तीनदा मागेपुढे करून पाहिलं तरी पंचाचंच बरोबर. दोघेही वैतागून मला सरकारी माणूस म्हणायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

खरं कारण मागच्या बाकापाशी तिकिटं फाडत असायचं.

दिवाळीनंतर या गाडीला एक कंडक्टर बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. पहिल्याच दिवशी गाडी वळणावर कलंडली, उभी माणसं एकमेकांवर पडली, आणि त्या मात्र कशालाही न धरता, पायांवरच तोल सांभाळत सुट्टे पैसे मोजत राहिल्या. मी तेव्हाच ओळखलं. चेहरा विसरलो होतो, ते पाय विसरलो नव्हतो. पास दाखवला आणि मान खाली घातली. त्यांनी मला ओळखू नये अशी तेव्हापासून रोज सकाळी मनातल्या मनात प्रार्थना करत आलो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भोरला मुलींचा तालुका अंतिम सामना होता, जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता. ही मुलगी भोंगवलीच्या बाजूच्या एका शाळेकडून खेळत होती. असं खेळताना मी मुलींत तर सोडाच, मुलांतही कमी पाहिलंय. चेंडू कुठेही असो, ती तिथे असायची. संघात बाकीच्या चौघी होत्या, पण प्रेक्षकांना एकच दिसत होती. मलाही.

शेवटचं दीड मिनिट. तिचा संघ एका गुणाने पुढे होता आणि तिचे चार फाऊल झालेले होते. आपल्या नियमात पाचवा झाला की खेळाडू बाहेर. समोरची मुलगी बास्केटखाली उडाली, मागून एक हात आला आणि तिच्या मनगटावर फटका बसला. मी शिट्टी वाजवली आणि बोट दाखवलं ते हिच्याकडे. हिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. तेव्हा आमच्याकडे पद्धत होती, ज्याचा फाऊल त्याने हात वर करायचा. ती बाहेर बसली. समोरच्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो टाकले. भोंगवलीकडच्या पोरी एका गुणाने हरल्या.

सामना संपल्यावर मुली रांगेने माझ्याशी हात मिळवायला आल्या. मागून आलेल्या त्या हाताच्या मनगटात काळा दोरा होता, तो मला स्पष्ट आठवत होता. हिच्या मनगटात काहीच नव्हतं. दोरा होता तो रांगेत हिच्या मागे असलेल्या मुलीच्या हातात. गुणपत्रिकेवर अजून माझी सही व्हायची होती, पेन माझ्या खिशात होतं. उन्हाने डोकं उठलं होतं, तिकडे जिंकलेल्या शाळेचे लोक पोरींना खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि ती बाकावर बूट सोडत बसली होती. मी सही केली. तिनेच हात वर केला ना, असं स्वतःला सांगितलं आणि पुढली वीस वर्षं तेच सांगत राहिलो. फार पोसलं मी ते वाक्य.

तर यंदाची मालिका तीन-तीन झाली. सातव्या सामन्याचा शेवट विंझरच्या पुढे आला, म्हणजे जिथे रेंज हमखास जाते तिथे. जाण्याआधी एवढंच दिसलं की लंबूला सहावा फाऊल देऊन बाहेर काढलंय आणि तो हात वर करून निघालाय. तिकडे सहा असतात. वेल्ह्यात उतरेपर्यंत त्याचा संघ हरला होता. पाटबंधारेवाले माझ्याशी न बोलता ऑफिसला गेले, जणू शिट्टी मीच वाजवली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र ते आधीच येऊन बसलेले. तिकडे अशी रीत आहे की शेवटच्या दोन मिनिटांत पंचांचं काय चुकलं ते लीगच दुसऱ्या दिवशी जाहीर करते. मोबाईल त्यांनी माझ्या नाकाशी धरला. "वाचा! फाऊल त्याचा नव्हता. कबूल केलंय त्यांनी. आता तरी म्हणा!"

"कबूल करून काय होणार? निकाल बदलणार आहे का?" बँकवाले म्हणाले.

"निकाल गेला खड्ड्यात. त्या पोराच्या नावावरचा डाग तर गेला!"

मला दमल्यासारखं झालं. नेहमीचं वाक्य तोंडातून निघालं, "अहो, त्याने स्वतः हात वर केला, गुमान बाहेर गेला. खेळाडूने मान्य केलं की विषय संपला."

"मान्य कुठं करतंय, सर?"

कंडक्टर बाई आमच्या बाकापाशी उभ्या होत्या. तिकिटाचं मशीन छातीशी धरलेलं, आवाज अगदी साधा.

"बोट दाखवलं की हात वर करायचा, उलटून बोलायचं न्हाई. भोरच्या शिबिरात तुमीच शिकवलं हुतं आमाला. चार दिवस घोटून घेतलं हुतं. मग म्या केला वर."

त्या शिबिराचा मला साफ विसर पडला होता. म्हणजे ज्या हातावर मी वीस वर्षं रेलून बसलो होतो, तो वर करायला तिला मीच शिकवलं होतं.

"तुम्ही मला ओळखलंत?" मी कसंबसं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. तुमी मान खाली घातली, मग मी बी न्हाई बोलले."

पाटबंधारेवाल्यांनी मोबाईल खाली ठेवला. मी उठून उभा राहिलो. का उठलो माहीत नाही, बसून बोलणं बरं वाटेना. "तो फाऊल यांचा नव्हता," मी दोघा शेजाऱ्यांना सांगितलं, आणि आवाज चढल्यामुळे पुढच्या मागच्या चार बाकांनी ऐकलं. "वीस वर्षांपूर्वी मी चुकीचा दिला. हात कोणाचा ते मी बघितलंच नाही. मला कोर्टावर या एकट्याच दिसत होत्या म्हणून बोट यांच्याकडे गेलं. सही करायच्या आधी कळलं होतं, तरी सही केली. चूक माझी आहे."

मार्गासनीला उतरून गडाच्या पायथ्याच्या पालीकडे जाणारी ट्रेकिंगची पोरं पाठपिशव्या सावरत उतरायच्या तयारीत होती, ती आ वासून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हलकं वाटेल. खरं सांगायचं तर मला शाबासकीच हवी होती.

बाईंनी त्या पोरांना उतरवलं, दार ओढलं, घंटी दिली. मग परत माझ्यापाशी आल्या.

"हितं सांगून काय उपयोग, सर? हितं मला कोण वळखतंय?" त्या म्हणाल्या. "माझं वडील, आण्णा, त्या दिवशी पहिल्यांदाच मॅच बघायला आलं हुतं. शेतातलं काम टाकून. परत जाताना गाडीत एक शब्द बोललं न्हाईत. घरी गेल्यावर म्हणलं, जिंकत आलेलं हिनं घालवलं, लोकाच्या पोरीवर हात टाकून. खेळ तितंच बंद झाला. म्या लई सांगितलं, माझा फाऊल न्हवता म्हणून. तर म्हणायचं, मग हात कशाला वर केलास?"

"अजून म्हणतात?"

"आता लई थकल्यात. पण पावणं आलं, टीव्हीवर कुठला बी खेळ लागला, की निघतंच." त्यांनी मागच्या बाकावरच्या आजोबांचं तिकीट फाडलं. "भोंगवलीलाच असत्यात ते. घरीच."

वेल्ह्यात उतरताना पाटबंधारेवाल्यांनी माझ्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि कचेरीच्या फाटकापर्यंत आणून दिली.

रविवारी सुट्टी होती. बायको म्हणाली, एक दिवस तरी पडून राहा, आठवडाभर हाल झालेत तुमचे. पडून राहावंसं मलाही फार वाटत होतं. गुडघे दुखत होते, आणि एका म्हाताऱ्या माणसासमोर बसून काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तो हाकलून देईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चहा देईल.

तरी सकाळी डेपोत गेलो आणि भोंगवलीच्या गाडीत बसलो. कंडक्टर आला. सवयीने पास पुढे केला.

"ह्यो वेल्ह्याचा हाय, हितं न्हाई चालायचा," तो म्हणाला.

मी तिकीट काढलं.