उजवीकडच्या पट्ट्या

गोकुळच्या गाडीवर मागे बसलं की इंडिकेटरची पीं पीं ऐकत जावं लागायचं. वळण मागे पडलं तरी तो ती बंद करायचा नाही.

"बंद कर की लेका. वरात चाललीय का?" मी म्हणायचो.

"ऱ्हाऊ दे. मागं साहित्यिक बसलाय, लोकांना कळाया नको?"

आम्ही दोघे न्हावऱ्याचे. मी मराठीत एम. ए. केलं. तो रांजणगावला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या धडधडत्या मशीनवर लागला. रविवारी आम्ही दौंडला जायचो. तिथल्या एका चर्चमध्ये जुना पियानो आहे. गोकुळच्या रानात शेवंती असते. एका नाताळला तो फुलं पोचवायला गेला तेव्हा चर्चच्या पियानोवादक सुषमा मॅडम वाजवत होत्या. फुलं ठेवून तो दारातच थांबला. शेवटी म्हणाला, "हात लावू का?" गावच्या भजनात पेटी वाजवणारा हात. मॅडमनी लावू दिला, मग दर रविवारी शिकवू लागल्या.

आता मॅडमची बोटं आखडली आहेत. येत्या नाताळला गोकुळनं वाजवायचं ठरलं होतं.

मॅडमची रीत साधी. वाजवलेलं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि लोकांना ऐकवायचं. "कौतुक नको विचारू. कुठे खटकलं ते विचार. सगळ्यांनी एकच जागा दाखवली, की ती कच्ची."

गणपतीनंतर सगळेच एक जागा दाखवू लागले. मी म्हणालो, वरचे सूर टोचतात. त्याची आजी रंगुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "चांगलं चाललेलं आस्तंय, आन् मधीच भांडं पाडल्यावानी करतूस." मॅडमनी मेसेज केला : उजवीकडच्या पट्ट्या फार जोरात.

गोकुळनं दोष करंगळीला दिला. कंपनीतून आला की घरच्या कीबोर्डवर नुसती करंगळी चालवायचा. ती सुजली. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सूर आणखीच टोचला.

गेल्या रविवारी मॅडम त्याच्या शेजारी बसल्या. "हळू. अजून हळू. मी सांगते म्हणून दाब, जोर नको."

त्यानं तसं केलं. टोकाचे सूर हलके, स्वच्छ आले. माझ्या अंगावर काटा आला.

"हां. हेच," मॅडम म्हणाल्या.

गोकुळनं हात उचलले. "पण मॅडम, ह्ये तर वाजतच न्हाई."

मी हसलो. "वाजतंय की. झकास वाजतंय."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत त्यानं शेवटची पट्टी दाबली. "आता?"

"वाजली."

"आता?"

"वाजली की रे."

"मला नुसतं लाकूड ऐकू येतंय," तो म्हणाला.

मॅडमनी त्याला लांब, दाराकडे तोंड करून उभं केलं. ऐकू आलं की हात वर करायचा. मधल्या पट्ट्यांना हात लगेच वर गेला. मॅडम उजवीकडे सरकत गेल्या तसा उशिरा जाऊ लागला. मग गेलाच नाही. मॅडम वाजवत राहिल्या. ते सूर मला अगदी जवळून ऐकू येत होते. गोकुळ पाठमोरा उभा होता, हात तयार ठेवून.

"मॅडम, करा की चालू," तो म्हणाला.

मॅडमनी झाकण लावलं. मग विचारलं, "कंपनीत कानात प्लग घालतोस ना?"

"काढून ठिवतो. डाय, म्हंजी साचा, बिघडायच्या आधी मशीनचा आवाज बदलतोय. मला कळतंय त्यो. सायेब मुद्दाम मलाच हुबं करत्यात तिथं." वर म्हणाला, "कानवाला म्हनत्यात मला."

मॅडम म्हणाल्या, उद्याच कानाच्या डॉक्टरकडे जा. गेलेलं बहुतेक परत येत नाही. राहिलंय ते सांभाळ. नाताळचं त्या काहीच बोलल्या नाहीत.

परतताना तो गाडी सावकाश चालवत होता. नदीच्या पुलावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला. मी दचकलो. त्यानं गाडी कडेला घेतली.

"ह्यो आला ऐकू," तो म्हणाला. मग, "तुझं बोलनं बी समदं कळतंय. म्हंजी लई न्हाई गेलं. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो. मला काय माहीत होतं?

"उद्या प्लग घातला तर मशीन कोन ऐकनार?"

"ऐकेल दुसरा कुणी."

"मग मला कशाला ठिवत्याल?"

दोन्ही बाजूंना ऊस होता. मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला होता. लहानपणीसुद्धा मी असा धरला नव्हता.

न्हावऱ्याचं वळण आलं. इंडिकेटर लागला. पीं पीं सुरू झाली. वळण मागे पडलं, तरी ती चालूच. आज मला 'बंद कर' म्हणवेना.

गोकुळनं गाडी थांबवली. समोर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे तो बघत राहिला.

"तू रोज बंद कर म्हनायचास," तो म्हणाला. "ह्याला आवाज हाय?"

"हाय."

त्यानं बटण दाबलं.

"आन् आता?"

"आता न्हाई," मी म्हणालो.