रेघेखाली मोफत

थीम पार्कच्या फाटकाशी एक लाकडी जिराफ उभा होता. त्याच्या छातीवर आडवी तांबडी रेघ ओढलेली होती. ज्या मुलाचं डोकं रेघेखाली राहील त्याला प्रवेश मोफत, ज्याचं वर जाईल त्याला पूर्ण तिकीट. पूर्वी मधे अर्धं तिकीट नावाचा प्रकार असायचा, पण मागच्या एका दरवाढीत तो गळून पडला. आता मूल एक तर फुकट, नाहीतर थेट बापाच्याच दराचं. आणि जिराफाशेजारी स्टुलावर बसून हा निवाडा करणारे गृहस्थ म्हणजे पट्टीकाका.

पट्टीकाकांची हयात एका शाळेत शिपाई म्हणून गेली होती. पोरांच्या रांगा सरळ करता करता केस पिकले. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या पायात पायात येण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी ही नोकरी धरली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं, की इथलं खरं काम मुलं मोजण्याचं नाही, आईबाप ओळखण्याचं आहे.

कारण दर जसजसे वाढत गेले, तसतशी शहरातली मुलं बुटकी होत गेली. रांगेत गुडघ्यात वाकलेली, मान खांद्यात घातलेली पोरं पुढे सरकत यायची. मागून आईचा हात खांद्यावर प्रेमाने ठेवलेला, म्हणजे दाबलेला असायचा. "काका, बूट काढून मोजा की!" "काका, तिचे केसच फुगीर आहेत, ते दाबा ना जरा." एका बापाने तर अगदी गंभीरपणे विचारलं, "सकाळी माणूस थोडा उंच असतो म्हणतात. आम्ही संध्याकाळी येऊ का?"

वार्षिक पासाची तऱ्हा आणखी निराळी. पास आईबापांनी काढायचा, रेघेखालचं मूल त्यावर फुकट, आणि पास काढताना मुलाची जी उंची असेल ती पुढे वर्षभर कायम धरायची, असा नियम होता. त्यामुळे रेघ गाठू पाहणारी पोरं तातडीने पासाच्या खिडकीवर आणली जायची, आणि एकदा पास निघाला की निर्धास्तपणे वाढायची. एका पोराचा आवाज फुटून तो बापासारखा खाकरायला लागला होता, पण पासावर तो अजून रेघेखालचं बाळ होता. यंदा पासाची किंमत अशी काही वाढली, की लोक म्हणू लागले, "एवढ्यात खराखुरा जिराफ येईल घरी."

पण गंमत पुढेच होती. पार्कच्या आत जी मोठी गाडी होती, रुळांवरून चढणारी, उलटी होणारी आणि माणसाचं काळीज तोंडात आणणारी, तिच्या दाराशीही तीच रेघ होती. तिथे मात्र रेघेखालच्याला मज्जाव होता. त्यामुळे फाटकापासून गाडीपर्यंत चालत जाता जाता पोरं चार बोटं वाढायची. हवाच तशी होती पार्कची.

या सगळ्यावर पट्टीकाकांकडे एकच उतारा होता. ते मुलाला दटावत नसत, आईबापांशी हुज्जत घालत नसत. फक्त डोळे मिचकावून विचारत, "काय पहिलवान, मोठ्या गाडीत बसणार ना? मग दाखवा बघू किती मोठे झालात!" की संपलं. घरी घेतलेली सगळी तालीम पाण्यात जायची. पोर ताडकन ताठ व्हायचं, छाती पुढे, हनुवटी वर, आणि रेघ डोक्याच्या खाली. "मोठे झालात!" असं पट्टीकाकांनी जाहीर केलं की पोर खूश, काका खूश, पार्क खूश. आईबापांना कोण विचारतं?

व्यवस्थापक साहेब त्यांच्यावर बेहद्द खूश असत. पट्टीकाकांनाही आपल्या नजरेचा अभिमान होता. पट्टी लावायच्या आधीच ते मनाशी उंची सांगत आणि ती बोटभरसुद्धा चुकत नसे. "मुलांना खोटं शिकवू नये," असं ते रात्री जेवताना सुनेला सांगत. ती "हो बाबा" म्हणे आणि पोळी वाढे.

याच घरात त्यांची नात होती. तिला सगळे पिटू म्हणत. वर्गात सगळ्यांत बुटकी. शाळेच्या प्रत्येक रांगेत पहिली, प्रत्येक फोटोत खाली बसलेली, आणि नाटकात दर वर्षी ससा. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं, फक्त एकदा आजोबांच्या तोंडून "मोठी झालीस" हे ऐकायचं होतं. दर रविवारी ती कपाटाला पाठ लावून उभी राही. पट्टीकाका बघत आणि म्हणत, "घरच्या मापाला काही किंमत नाही बाई. रेघ गाठलीस की नेतो तुला. मग जिराफच सांगेल."

खरं तर तेव्हा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला वार्षिक पास फुकट मिळायचा. सून म्हणायची, "बाबा, आताच नेऊन आणू या ना तिला." पण पट्टीकाका हटून बसले. मोठ्या गाडीत बसता येत नसेल तर जायचं कशाला, पोर हिरमुसेल. थांबू या. ते थांबले, पिटू वाढली, आणि ऐन वेळी साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून सांगितलं, "आपण दर वाढवत नाही, आपण आनंद वाढवतो आहोत." त्या वाढलेल्या आनंदात कर्मचाऱ्यांचा पास बंद झाला. बदल्यात प्रत्येकाला टोपी मिळाली.

पट्टीकाकांचा मुलगा माल पोचवणारी गाडी चालवायचा, सून दवाखान्यात केसपेपर काढायची. सुट्टी लागली तेव्हा ओढूनताणून एका तिकिटाची सोय झाली. सून जाईल आणि पिटूला घेऊन जाईल. दुसऱ्या तिकिटाचा विचार करणंसुद्धा महाग होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सून भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाबा, जगाची पोरं मोजता तुम्ही. घरच्या पोरीकडे जरा कानाडोळा करा."

"ती अजून रेघेखालीच असेल," पट्टीकाका म्हणाले.

"तुमची नजर चुकत नाही ना कधी?"

पट्टीकाका उठून उद्याची टोपी झटकू लागले. पिटू रेघेच्या दोन बोटं वर गेल्याचं त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिटू रांगेतून आली ती तालीम न घेताच ताठ. केस चापून बसवलेले, म्हणजे उंची केसांची आहे असं कुणी म्हणायला नको. ती जिराफाला पाठ लावून उभी राहिली आणि वाट बघू लागली. पट्टीकाकांनी काही विचारलंच नाही.

"आजोबा, ते विचारा ना," ती म्हणाली. "मोठ्या गाडीचं."

मागे रांग खोळंबली होती. काचेच्या खोलीतून साहेब बघत होते. सुनेने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पट्टीकाकांनी पिटूच्या डोक्यावर तळवा ठेवला, जरा दाबला आणि रेघेकडे न बघताच म्हणाले, "अजून लहान आहेस गं बाळा. जा आत, मोफत."

पिटूचा चेहरा असा पडला की तो बघवेना. मग तिने भोकाड पसरलं. रांगेतला एक गृहस्थ हसून म्हणाला, "घ्या! फुकट सोडलं तरी रडतंय!" सून तिला ओढतच आत घेऊन गेली. पट्टीकाकांना पुढच्या तीन पोरांचं माप काही केल्या धड घेता येईना.

तासाभराने पिटू धावत परत आली. केस पिंजारलेले, ओरडून ओरडून घसा बसलेला, आणि मागून "अगं थांब, थांब" करत येणारी आई. मोठ्या गाडीच्या दाराशी कामाला असलेल्या मुलीने तिला रेघेशी उभं केलं होतं आणि "ये की, बसतेस तू" म्हणून आत घेतलं होतं. पण पिटू आजोबांकडे आलीच नाही. ती सरळ साहेबांच्या काचेच्या खोलीत शिरली.

"साहेब, तुमचा जिराफ बिघडलाय."

साहेब हसले. "असं कोण म्हणतं?"

"मी गाडीत बसून आले. तिथे मी मोठी आहे, आणि इथे लहान. आजोबा खोटं बोलत नाहीत. म्हणजे जिराफच चुकतोय. तो सगळ्याच मुलांना लहान म्हणत असेल, हो ना?"

साहेबांचं हसू मावळलं. इतक्या वर्षांत जिराफाविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती, आणि ती का आली नसेल हे त्यांना आता लख्ख दिसू लागलं. किती मुलं फुकट गेली असतील! त्यांनी ताबडतोब फिटरला टेप घेऊन बोलावलं. फिटरने जिराफाच्या पायापासून रेघेपर्यंत टेप लावला, पुन्हा लावला आणि मान हलवली. "रेघ बरोबर आहे साहेब."

मग सगळे पट्टीकाकांकडे बघू लागले. सुनेने डोळ्यांनीच विनवलं. साहेबांनाही फाटकावर तमाशा नको होता. ते हळूच म्हणाले, "काका, वय झालं तुमचं. नजरचूक झाली असेल. हो ना?"

एवढं "हो" म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण लबाड म्हणवून घेणं एक वेळ परवडेल, नजर चुकते म्हणवून घेणं पट्टीकाकांना झेपणारं नव्हतं. शिवाय समोर पिटू उभी होती, जिराफावर रागावलेली, आजोबांवर नाही.

"नजर चुकली नाही," ते म्हणाले. "दोन बोटं वर आहे ती, मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो." मग ते पिटूपुढे गुडघ्यांवर बसले. "जिराफाचा काही दोष नाही गं. मोठी झालीस तू."

नियम तो नियम. साहेबांनी तिथल्या तिथे पूर्ण तिकीट फाडायला लावलं, ते पगारातून कापायचा हुकूम दिला आणि उद्यापासून पट्टीकाकांना वाहनतळावर नेमलं. तिथे मापाचा प्रश्न नव्हता, सगळ्या गाड्या सारख्याच दराच्या होत्या. सून कपाळाला हात लावून उभी राहिली.

पिटूने तिकीट हातात घेतलं, वरचा "पूर्ण" हा शब्द मोठ्याने वाचला आणि तिथेच नाचायला लागली. रांगेतल्या प्रत्येकाला तिने ते दाखवलं. पार्क सुरू झाल्यापासून पूर्ण तिकीट पडल्यावर नाचलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. ते बघून पट्टीकाकांच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारा पैशांसाठी रडतोय असं साहेबांना वाटलं. त्यांना दया आली, आणि तिकिटाची रक्कम दोन हप्त्यांत कापायची खास सवलत त्यांनी तिथेच जाहीर केली.