अकरा खरी नावं

माझ्या आजोळच्या गावानं पारध्यांची तीन पालं जाळली, तेव्हा मी सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव कडेगावच्या बाजूचं, भोवती सगळा ऊस. विहिरीवरच्या एका इंजिनाचे पितळी भाग चोरीला गेले, आणि गावाला पुरावा लागला नाही. ओढ्याकाठच्या गायरानात पारधी उतरले होते, एवढं पुरेसं झालं. काडी लावणाऱ्यांत माझा मामा होता. चार महिन्यांनी कळलं, की ते भाग आमच्याच भावकीतल्या एकानं लोणंदच्या बाजारात विकले होते. गाव गप्प बसलं. लग्नात, बारशात, पारावर, कुणीही त्या विषयाला शिवेना. जाळताना सगळ्यांना तोंडं होती.

पारधी डोंगरापलीकडं गेले. त्यांच्यातली एक म्हातारी मात्र अधूनमधून एकटीच यायची आणि ओढ्याकाठी बसून जायची. तिचा नवरा तिथं पुरला होता. तिला त्या जागेजवळ पुन्हा पाल टाकायचं होतं, आणि तेही चोरून नाही, गावाच्या डोळ्यांदेखत. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली. वडिलांचा सांगलीत छोटा छापखाना होता. मी अक्षरं शिकले ती संपाच्या आणि मोर्च्यांच्या पत्रकांवरून, तीही खिळ्यांतली, उलटी. अन्याय दिसला की लिहायचा, छापायचा, वाटायचा. दुसराही काही उपाय असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी आठ दिवसांत नाटक लिहिलं आणि सुट्टीत ते घेऊन डोंगरापलीकडं गेले.

म्हातारी तित्तर धरायचे फासे वळत बसली होती. सासूकडून आलेले जुने फासे पालाबरोबर जळले होते, म्हणून नवे. शेजारी तिचा तिशीतला मुलगा फाशांसाठी तात, आतड्याची दोरी, भिजवत होता. तिनं माझं नाटक शेवटपर्यंत ऐकलं, हात न थांबवता.

"ह्येच्यात तुजा मामा कोन हुनार?"

"कॉलेजातला एक मुलगा."

"आन मी?"

"वर्गातली एक मैत्रीण. चांगलं काम करते, आजी."

ती मुलाकडं वळली. "आयकलंस का रं? आपलं पाल जळताना आपुन बसून बगायचं."

"टाळ्या बी वाजवाय लागत्याल, आये," मुलगा म्हणाला.

मी नाटकाची वही मिटली. मग तीच म्हणाली, "करू की. पर आमचं आमी करू. तू लिवू नगंस." तिनं सांगितलं ते असं: कार्यक्रम गावात नाही, गायरानातच, जळलेल्या जागेवर. गावानं चालत यायचं आणि त्याच मातीत बसायचं. भाषण कुणीही करायचं नाही. तिची माणसं पाखरांना साद घालतील, शिकारीची गाणी म्हणतील, आणि शेवटी गावातल्या एकाला फाशाची गाठ शिकवतील. तो एक म्हणजे माझा मामा.

"मामाच कशाला?" मी विचारलं.

"ज्येला गाठ शिकिवली त्येच्यावर आमी हात उगारत न्हाई. त्येनं बी आमच्यावर उगारायचा न्हाई. आमच्यात आसं हाय."

मी मामाला हे सांगितलं तेव्हा तो बैलांना पेंड चारत होता. "आता ह्या वयात फासं शिकू?" तो ओरडला. "उद्या गाव तित्तऱ्या म्हनंल मला!" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी, मामी आत गेल्याचं बघून, त्यानं हळूच विचारलं, "कवा हाय म्हनालीस?"

भाषणाची बंदी मला लागू होती, पण पत्रकाची नव्हती, असं मी मनाशी ठरवलं. म्हातारी एवढंच म्हणाली होती, "कागुद कशाला? सांगावा धाड." मी ऐकलं नाही. पारध्यांची नावं आजवर फक्त पोलिसांच्या वहीत लिहिली गेली, आता ती कलावंत म्हणून छापली जातील, या कल्पनेनं मी पेटले होते. पारधी बाहेरच्यांना एक नाव सांगतात आणि घरात दुसरं वापरतात. इंग्रजांच्या कायद्यानं त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून चौकीत हजेरी लावायला लावली, तेव्हापासूनची ती सवय, त्यांची तेवढीच एक ढाल. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी हट्ट धरला, की मला खरी नावं हवीत, वडिलांच्या नावासकट. खोट्या नावानं मान कसा द्यायचा? ते बराच वेळ आपसात त्यांच्या बोलीत बोलले. मग एकेकानं नाव सांगितलं. म्हातारी नवऱ्याचं नाव घेणार नव्हती, ते मुलानं सांगितलं. अकरा नावं झाली. ती मी स्वतः जुळवली, ठळक खिळ्यांत, आणि पत्रकं कडेगावच्या आठवडी बाजारात स्वतः वाटली.

कार्यक्रमाला उन्हं कलताना गाव आलं. बरेचसे गंमत बघायला, काही म्हाताऱ्या मात्र पदर डोक्यावर घेऊन, मयताला आल्यासारख्या. बसायची वेळ आली तेव्हा सगळेच घोटाळले. जमिनीत अजून कोळसा होता. मामा आधी बसला, पांढऱ्या धोतरानिशी. मग बाकीचे.

म्हातारीच्या मुलानं तोंडाशी हात नेला आणि तित्तराची साद घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पलीकडच्या घाणेरीच्या झुडपांतून खऱ्या तित्तरानं उत्तर दिलं, आणि बायका लहान मुलींसारख्या हसल्या. गाणी आम्हाला कळली नाहीत. एका गाण्यात म्हातारी मध्येच थांबली आणि तिनं मातीवर हात ठेवला. तेवढं सगळ्यांना कळलं.

मग मामाला पुढं बोलावलं. त्याच्या जाड बोटांत तात ठरेना. मुलानं त्याचा अंगठा धरला. "आन्ना, उसाची मोळी न्हवं ही. दमानं."

"आरं, सुटतंय की सारकं!"

"तित्तर बी आसंच म्हनतंय, सुटतंय म्हून." गाव खो खो हसलं. मामाही हसला. सहाव्या खेपेला गाठ बसली. ती हातात धरून, म्हातारीकडं न बघता, तो म्हणाला, "चुकलं आमचं. जागा तुमची हाय. उतरा हितं."

माझ्या सगळ्या नाटकात हे वाक्य नव्हतं. मी पानभर संवाद लिहिले होते.

चार दिवसांत पारध्यांनी तिथं पालं टाकली. मुलगा आणि आणखी दोघं मामाच्या उसाच्या फडात तोडीला जाऊ लागले. महिनाभर ते चाललं. मग कडेगावच्या बाजारपेठेतलं एक दुकान भरदुपारी फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, मी आजोळी आलेली असताना, एक हवालदार मामाच्या अंगणात आला. त्यानं चहा मागितला, आणि खिशातून माझं पत्रक काढून मांडीवर सारखं केलं. "ताई, लय बेस काम केलंत," तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. "ह्यांची खरी नावं काढता काढता आमचे साहेब रिटायर झाले." कुठल्याशा जुन्या वहीत त्यातली चार नावं सापडली होती. तो हजेरीचा कायदा जाऊन वीस वर्षं झाली होती. वही गेली नव्हती.

मुलाला आणि त्या दोघांना नेलं. मी तालुक्याला जाऊन ओरडले, घटनेची कलमं म्हणून दाखवली. मला खुर्ची दिली आणि बसवून ठेवलं. मामा मात्र रोज जात होता. फेटा बांधून उन्हात उभा राहायचा आणि एकच सांगायचा, "त्या दिशी ही मानसं माज्या फडात तोडीला हुती. मी सवता हुतो." ज्या मामाला मी मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, तो शब्दाला जागला. माझा शब्द मात्र त्यांच्यावर उलटला होता. तेव्हापासून मी लिहिताना कुणाचं नाव घालत नाही.

आठ दिवसांनी तिघं सुटले. खरा चोर सापडला होता म्हणे. मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पालं मोडली. मामा धावत गेला. "जाऊ नगा. गाव तुमच्या मागं हाय."

"गाव हाय, आन्ना. गावाला बोल न्हाई," म्हातारी म्हणाली. "पर कागुद कुटवर गेलाय, कुनाला ठावं? आता नवी नावं घ्याय पायजेत, लांब जाऊन."

मी पुढं होऊन तिचे पाय धरणार होते. तिनं मला खांद्याला धरून उभं केलं.

"पोरी, म्हाताऱ्याचं बी नाव छापलंस?"

"हो, आजी. मुलाच्या नावापुढं."

ती ओढ्याच्या काठाकडं, म्हाताऱ्याला पुरलं होतं त्या जागेकडं वळली. गाठोडी गाढवावर चढली होती, मुलगा डाव्या हातानं दोर आवळत होता.

"त्यो हितंच ऱ्हानार," ती म्हणाली. "त्येला धराय कोन आलं, तर सांग, म्हातारा तोडीला गेलाय म्हनावं."

आणि ती हसली. मी अजून ठरवू शकलेले नाही, ती माझ्यावर रागावली होती की मला सावरत होती. मामानं फेटा सोडून तोंडावर धरला. गाढव चाललं, तशी ती त्याच्या मागं चालू लागली.