मैनाचा परिच्छेद

सोमवारी मैनाला न्यायला ऑटो आला नाही. एवढंच. माणसाने एवढ्यावर घाबरावं का? पण मी शाळेच्या घंटेलाही दचकते, आणि ती वाजवायला मीच सांगितलेलं असतं. तेव्हा आधीच कबूल करून टाकते: यात ऑटोवाल्याचा काही दोष नाही.

तेलुगू मुलखातल्या, तामसीकडच्या एका सरकारी मराठी शाळेत मी शिकवते. मैना माझ्या सहावीत. समज पाच वर्षांच्या पोरीएवढी. आठवड्यातून दोनदा ऑटो तिला मंडलच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, केंद्रात नेतो. तिथल्या बाई तिला बोलायला शिकवतात. मागे ती चुकीच्या बसने नेरडीगोंड्याला पोचली होती आणि संध्याकाळपर्यंत कुणाला गावाचं नाव सांगू शकली नव्हती. आता अर्धं सांगते.

तर, वाचनाची तपासणी निघाली. प्रत्येक पोराने ठरलेला परिच्छेद वाचलाच पाहिजे. मोबाइलवर नोंद करताना प्रश्न आला, ‘विशेष गरजा आहेत का?’ ‘हो’ म्हटलं की ते मूल तपासणीतून बाद.

मैनाची आई भाजीची टोपली घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “मॅडम, माई पोरगी मोजण्यातच नाई का?”

मला भरून आलं. मी ‘नाही’ दाबलं. झाली मैना सगळ्यांसारखी.

हेडमास्तरांनी पाहिलं. “आता तिनं वाचलं नाई तं शाळा लाल रंगात जाईल. तुमीच निस्तरा.”

निस्तरलं की. महिनाभर एकच परिच्छेद घोटून घेतला, शेळीचा. शेळी पाला खाते, शेळी दूध देते. मलाही झोपेत शेळ्या दिसायला लागल्या. तपासणीच्या दिवशी मैनाने साहेबांच्या घड्याळाकडे बघत अख्खी शेळी म्हणून दाखवली. पुस्तक मिटलेलंच होतं. साहेब “शाब्बास” म्हणाले आणि हिरव्या चौकोनावर बोट ठेवून पुढच्या शाळेला गेले. मैनाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय सांगू.

आणि मग तो सोमवार. ऑटोवाल्याला फोन केला.

“लिस्टमंदी नावच नाई तिचं, मॅडम. पोरगी चांगली झाली म्हन्ते.”

“कोण म्हणतं?”

“तुमीच लिवलं ना?”

हेडमास्तर म्हणाले, “केंद्र गेलं, परीक्षेतली सवलतबी गेली. आता तिला सगळ्यांचाच पेपर.”

“मग दुरुस्त करूया ना, सर.”

“करा. साहेबासमोर खोटं वाचून घेतलं, असं लिवून द्या.”

व्हरांड्यात मैना दप्तर लावून तशीच बसलेली, फाटकाकडे तोंड करून. तिची आई कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. “माई पोरगी पास केली तुमी.” ती जुडी मी घेतली.

मग मंडल ऑफिसला फोन लावायला घेतला. दिवसभर रिंग जायची, कुणी उचलायचं नाही. उचललाच तर म्हणून तेलुगूत पाठ केलं होतं, ‘तप्पु नादी’, चूक माझी. मैनासारखंच, घोकून. तिसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी उचलला. मी शाळेचं नाव सांगितलं, तोच पलीकडचा माणूस चक्क मराठीत बोलायला लागला.

“अहो मॅडम, आमी तुमालाच शोधून राह्यलो. अशी पोरगी एका महिन्यात चांगली केली तुमी. साहेब म्हन्ते, मंडलच्या सगळ्या मास्तरांले तुमीच शिकवा, कसं केलं ते.”